दहाव्या वेळेला काय होतं?

"मॅडम, या हातानं काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय." लोणी देवकरकडच्या वाड्यावस्त्यांवर फिजिओथेरपीसाठी जाते, तेव्हा स्तनाच्या कर्करोगातून उठलेली बाई बहुतेकदा हेच ऐकवते. कोणी सांगितलं, ते तिला नीट आठवत नाही. त्याच हातानं ती कळशी भरते, गाईला वैरण टाकते. ते वजन मात्र कुणी धरत नाही.

भीती अगदीच पोकळ नाही. काखेतल्या गाठी काढल्या की लसिकेचा निचरा मंदावतो आणि हात सुजू शकतो. म्हणून वर्षानुवर्षं वजनाला मनाई. 2009 साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी अशी सूज असलेल्या 141 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्या आठवड्यातून दोनदा वजनं उचलत होत्या. वर्षभरात त्यांची सूज इतरजणींपेक्षा जास्त वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. पण सुरुवात हलक्या वजनानं होती, वाढ हळूहळू होती आणि व्यायामाच्या वेळी हातावर दाब देणारी घट्ट बाही होती. हे गाळून नुसता निकाल सांगत सुटणाऱ्यांचा मला राग येतो.

मग वजन किती? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं जमवलेल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये सांगितलं: आठवड्यातून दोनदा, निदान दोन सेट, प्रत्येकी 8 ते 15 वेळा, कमाल ताकदीच्या किमान 60 टक्के. कमाल ताकद म्हणजे जेमतेम एकदाच उचलता येईल इतकं वजन. केमोनं खचलेल्या बाईला मी ते उचलायला लावत नाही. शिवाय तेच 60 टक्के एकजण वीस वेळा उचलेल, दुसरी नवव्यालाच थांबेल.

त्यामुळे मी उलट्या बाजूनं जाते. लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो. पिशवीत बाटल्या घालायच्या, दहा वेळा उचलायच्या आणि विचारायचं, "अजून किती जमलं असतं?" "धा तरी" म्हणाली तर वजन हलकं. "दोन-तीन" म्हणाली तर बरोबर. पण उसात खुरपणी केलेली बाई "जड झालं" असं सहजी म्हणत नाही. म्हणून तोंडच्या उत्तरापेक्षा मी हालचाल बघते. शेवटच्या दोन-तीन वेळा हात आपोआप मंदावला पाहिजे. श्वास कोंडला किंवा खांदा कानाकडे चढला, की एक बाटली काढायची.

सलग दोन-तीनदा सहज जमलं, हात जड वाटला नाही, बांगडी रुतली नाही, तरच अर्धा लिटर वाढवायचं. रोग हाडांत पसरला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांची परवानगी. ताप किंवा हाताला लाली असेल तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. तुकोबांची पालखी इंदापुरात आली की आठवडाभर व्यायाम सुटतोच, त्याबद्दल मी रागावत नाही. पुन्हा सुरू करताना मात्र बाटल्या कमी करूनच.