विश्लेषण : रक्तदाब उत्तम, तरी रुग्ण धोक्यात? ऑपरेशन टेबलवर हृदयाचे काम अल्ट्रासाउंडने कसे मोजतात?

पोटाची मोठी शस्त्रक्रिया सुरू आहे. मॉनिटरवर रक्तदाब १२०/८०, नाडी नेहमीसारखी, ऑक्सिजन ९९ टक्के. सगळे आकडे हिरव्या रंगात. तरीही त्याच वेळी रुग्णाच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडत असेल, अशी शक्यता असते. हे ओळखण्यासाठी हृदय दर मिनिटाला प्रत्यक्षात किती रक्त बाहेर टाकते, हे मोजावे लागते. अन्ननलिकेत सोडलेल्या बारीक अल्ट्रासाउंड प्रोबने ते मोजता येते. मात्र त्यामुळे रुग्णाला नक्की किती फायदा होतो, यावर भूलतज्ज्ञांमध्ये अनेक वर्षे वाद सुरू आहे.

रक्तदाब चांगला असताना अडचण कुठे?

बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की आतला दाब वाढतो, पण बादली लवकर भरत नाही. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. शरीरातले रक्त कमी झाले की रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब टिकवून धरतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचे त्यातले एक लिटर गेले, तरी वरचा रक्तदाब जवळपास जागेवर राहू शकतो. मेंदू आणि हृदय यांना आधी रक्त मिळावे म्हणून शरीर ही काटकसर करते. तिची किंमत आतडी आणि मूत्रपिंडे मोजतात.

निरोगी हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. यालाच ‘कार्डिॲक आउटपुट’ म्हणतात. दाब सांभाळताना शरीर कात्री लावते ती याच आकड्याला.

सलाइन किती द्यायचे, हाच खरा प्रश्न

उपाशी पोट, रक्तस्राव, उघड्या पोटातून होणारे बाष्पीभवन आणि भुलीच्या औषधांनी सैल पडलेल्या रक्तवाहिन्या, या सगळ्यामुळे रुग्णाला सलाइन द्यावेच लागते. ते जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साचते, आतड्यांना सूज येते, टाके नीट जुळत नाहीत. म्हणून मधल्या काळात ‘कमीत कमी सलाइन’ हा विचार जोरात होता. २०१८ मध्ये ‘रिलीफ’ या चाचणीने त्यावर प्रश्नचिन्ह लावले. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या सुमारे ३ हजार रुग्णांमध्ये सलाइन आखडते दिलेल्या गटात मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर सढळ दिलेल्या गटात ५ टक्के.

थोडक्यात, कमी दिले तरी पंचाईत आणि जास्त दिले तरी पंचाईत. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. मग हृदयालाच का विचारू नये, असा यामागचा विचार आहे.

बेचकीचे रबर जितके ताणावे तितका दगड लांब जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. हृदयाच्या स्नायूंचाही हाच नियम आहे. भूलतज्ज्ञ ५ ते १० मिनिटांत २०० ते २५० मिलिलिटर द्रव देतो आणि एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढले का, ते पाहतो. १० टक्क्यांहून अधिक वाढ झाली, तर हृदयाला आणखी द्रव हवा होता असे समजून पुन्हा तेवढाच द्रव दिला जातो. वाढ झाली नाही तर हात आखडता घ्यायचा. सगळी पद्धत या एका चाचणीवर उभी आहे.

ध्वनिलहरींवरून रक्त कसे मोजतात?

जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले हे तत्त्व इथे रक्तपेशींना लावले जाते. भूल दिल्यानंतर पेन्सिलीपेक्षा बारीक, सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा लवचीक प्रोब तोंडातून अन्ननलिकेत सोडतात. दातांपासून ३५ ते ४० सेंटीमीटर आत गेल्यावर त्याचे टोक छातीच्या मध्यावर येते. तिथे अन्ननलिका आणि खाली उतरणारी महाधमनी एकमेकींना खेटून, जवळपास समांतर जातात. प्रोबमधून ध्वनिलहरी ४५ अंशांत सोडल्या की रक्तप्रवाहाशी होणारा कोन आपोआप ठरून जातो. निसर्गाने ही सोय केली नसती, तर हे यंत्र बनलेच नसते.

गणितही मजेशीर आहे. ध्वनिलहरींची वारंवारता ४ मेगाहर्ट्‌झ, रक्ताचा वेग सेकंदाला एक मीटर आणि शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला, तर परत येणाऱ्या लहरींत सुमारे ३७०० हर्ट्‌झचा फरक पडतो. मूळ लहरी माणसाला ऐकू येत नाहीत, पण हा फरक कानाच्या टप्प्यात येतो. त्यामुळे यंत्राच्या स्पीकरमधून दर ठोक्याला ‘हुश्श’ असा आवाज चक्क ऐकू येतो. प्रोब नीट बसला की नाही, हे सरावलेला भूलतज्ज्ञ आधी कानाने ओळखतो आणि मग पडद्यावरच्या त्रिकोणांकडे पाहतो.

प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे एका ठोक्यात रक्ताने कापलेले अंतर. त्याला महाधमनीच्या छेदाने गुणले की रक्ताचे आकारमान मिळते. इथे मात्र अंदाज शिरतो. धमनीची रुंदी प्रत्यक्ष न मोजता वय, उंची आणि वजन यांवरून ठरवलेली असते. शिवाय डोके आणि हात यांना जाणारे सुमारे ३० टक्के रक्त त्याआधीच वळलेले असते, तेही धरून चालावे लागते. त्यामुळे पडद्यावरच्या ‘४.८ लिटर’ या आकड्यापेक्षा तो वाढतो की घटतो, याला महत्त्व जास्त.

छातीवरून एको करतानाही हेच घडते. डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या वाटेचा व्यास २ सेंटीमीटर असेल तर छेद ३.१४ चौरस सेंटीमीटर. त्यातून रक्ताने २० सेंटीमीटर अंतर कापले तर एका ठोक्याला सुमारे ६३ मिलिलिटर. व्यास चुकून १.८ वाचला, तर उत्तर थेट १९ टक्क्यांनी घसरते.

आधी काय करत होते?

१९७० मध्ये स्वान आणि गांझ यांनी टोकाला फुगा असलेला कॅथेटर आणला. तो मोठ्या शिरेतून, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून थेट फुप्फुसाच्या धमनीत नेतात. दोन-तीन दशके अतिदक्षता विभागांत त्याचेच राज्य होते. पण त्यामुळे रुग्ण अधिक संख्येने वाचतात, हे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही आणि त्याचा वापर ओसरला. त्यामुळे हृदयात काहीही न घालता मोजमाप करणाऱ्या अल्ट्रासाउंडचे आकर्षण वाढले.

अभ्यास काय सांगतात?

सुरुवात दणक्यात झाली. लंडनमध्ये १९९५ साली हृदयशस्त्रक्रियेच्या ६० रुग्णांवर अभ्यास झाला. आतड्यांच्या अस्तराला रक्त कमी पडण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ५६ टक्के होते, डॉप्लर वापरलेल्या गटात ते अवघे ७ टक्के आढळले. १९९७ मध्ये खुब्याचे हाड मोडलेल्या ४० वृद्धांमध्ये रुग्णालयातला मुक्काम २० दिवसांवरून १२ दिवसांवर आला. ज्या घरात आजी-आजोबा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळले आहेत, तिथे या आठ दिवसांचे मोल सांगावे लागत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०११ मध्ये या तंत्राची शिफारस केली आणि प्रत्येक रुग्णामागे सुमारे ११०० पौंड वाचतील, असा हिशेब मांडला.

पण ४० आणि ६० रुग्णांचे अभ्यास ही तशी कच्ची वीट. २०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या १७९ रुग्णांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात फायदा दिसला नाही. उलट जे रुग्ण मुळातच तंदुरुस्त होते, त्यांना घरी जायला जास्त दिवस लागले. निरोगी हृदय द्रव दिला की प्रतिसाद देतेच. पण प्रतिसाद दिला म्हणजे त्याला गरज होती, असे नाही. या तंत्राच्या टीकाकारांचा हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

पुढे ‘ऑप्टिमाइज’ या चाचणीत ७३४ रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण ४३.४ वरून ३६.६ टक्क्यांवर आले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संख्याशास्त्राने सांगितले. सुमारे २५०० रुग्णांच्या दुसऱ्या ‘ऑप्टिमाइज’ चाचणीत, २०२४ मध्ये, संसर्गाचे प्रमाण कमी झाले नाही. या दोन्ही चाचण्यांत अल्ट्रासाउंड नव्हते, धमनीतल्या दाबाच्या लहरीवरून मोजमाप केले होते. तरी मूळ कल्पना एकच असल्याने त्यांचा निकाल डॉप्लरलाही झाकोळतो. शिवाय १९९०च्या दशकात नेहमीचे उपचारच आजच्याइतके सुधारलेले नव्हते. तेव्हा वापरले जाणारे स्टार्चचे द्रव मूत्रपिंडांना घातक ठरल्याने युरोपने २०१३ मध्ये त्यावर निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये परवानेच स्थगित केले.

आपल्याकडे अडचणी कोणत्या?

खुब्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे अनेकदा पाठीत इंजेक्शन देऊन, रुग्ण जागा असताना होते. जाग्या माणसाच्या घशातून प्रोब घालणे त्याला सहन होत नाही. अशा वेळी छातीवरून एको करणे हाच सोयीचा पर्याय राहतो. अन्ननलिकेचा कर्करोग किंवा तिथल्या फुगलेल्या शिरा असतील, तर प्रोब वर्ज्यच. शस्त्रक्रियेत कॉटरी सुरू झाली की सिग्नल विस्कटतो, ती कटकट वेगळी.

दुसरी अडचण कायद्याची. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राच्या १९९४च्या कायद्याच्याही आधी, कायदा केला. गर्भाचे लिंग ओळखू शकेल अशा प्रत्येक अल्ट्रासाउंड यंत्राची नोंदणी आज बंधनकारक आहे आणि हातात मावणारी यंत्रेही त्यातून सुटत नाहीत. पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत. एका गावातून दुसऱ्या गावातल्या नर्सिंग होमला भूल द्यायला जाणारा भूलतज्ज्ञ स्टेथोस्कोप बॅगेत टाकतो, तसे हे यंत्र टाकू शकत नाही. ज्या लहान रुग्णालयात तो जातो, तिथे नोंदणी केलेले यंत्र असेल तरच हृदयाकडे पाहता येते. नसेल तर रक्तदाब, नाडी आणि लघवीच्या पिशवीत तासाला किती मिलिलिटर जमा झाले, यावरच सलाइनचा वेग ठरतो.