पुराचे पाणी, रस्त्यावरचे मीठ आणि आपली गाडी

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. हिवाळ्यात त्यांच्याशी फोनवर बोलताना एक वाक्य अधूनमधून कानावर येते, "आज गाडी खालून धुवून आणली." अंबरपेठेत बसून ऐकताना नवल वाटते. आपण गाडी वरून चकाचक करतो, दसऱ्याला झेंडूचा हार घालतो. खाली वाकून कोण पाहतो?

तिकडे पाहावेच लागते, कारण थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ मिसळलेले पाणी शून्य अंशालाही गोठत नाही, त्यामुळे रस्त्यावरचा बर्फ वितळतो. पण तेच खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटते. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवेतील प्राणवायू पुरतात. मीठ असले की पाण्यातून विजेचे वहन सोपे होते आणि गंज झपाट्याने चढतो. म्हणून ते लोक हिवाळाभर अधूनमधून साध्या पाण्याने तळ धुवून घेतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मुसी आहे. हिमायतसागर आणि उस्मानसागरचे दरवाजे उघडले की आपल्या सर्वांचे लक्ष मूसारामबागच्या पुलाकडे लागते. (निजामाच्या पदरी रेमंड नावाचा फ्रेंच सेनाधिकारी होता. 'मुस्यू रेमंड'चे लोकांनी 'मूसाराम' केले, असे हे नाव!) २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून ही दोन धरणे बांधली गेली. तरीही १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री शहरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीला पुन्हा पूर आला. या पाण्यात नुसता पाऊस नसतो. सांडपाणी, साबण, क्षार आणि बारीक चिखल असतो. म्हणजे परदेशातल्या त्या खाऱ्या पाण्याचे हे सावत्र भावंडच.

२०२० च्या पावसानंतर आमच्यापैकी एकाने पाणी ओसरताच घाईघाईने गाडीची किल्ली फिरवली. "चालू होते का बघू या," एवढाच विचार. इंजिनने एक ठोका दिला आणि ते बंद पडले. कारण साधे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. गाडी नुसती उभी राहिली असती तर बहुधा पाणी काढून, तेल बदलून काम भागले असते. दुरुस्तीचा खर्च ऐकून घरात दोन दिवस कोणी फारसे बोलले नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की बुडालेली गाडी कृपया सुरू करून पाहू नका. ढकलून किंवा क्रेनने बाहेर काढा, मेकॅनिककडून बॅटरीची तार सोडवून घ्या. इंजिन ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले तर आत पाणी आहे असे समजा. हलवण्यापूर्वी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही पाण्यात गाडी सुरू केल्याने झालेले इंजिनचे नुकसान बहुधा वेगळे संरक्षण घेतले असेल तरच मिळते. कागद आजच उघडून पाहावेत. पावसाळ्यात ते सापडत नाहीत.

विजेवर चालणारी स्कूटर बुडाली असेल तर तिला चार्जिंगला लावू नये, घरात किंवा जिन्याखालीही ठेवू नये. ओल्या बॅटरीला नंतरही आग लागू शकते. कंपनीच्या माणसाने तपासेपर्यंत ती उघड्यावर, घरापासून लांब असावी.

आता तळाकडे वळू. गाडी सुरू झाली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण खरा गंज त्यानंतर हळूहळू चढतो. चाकांच्या कमानीत, दारांच्या खालच्या कडेत चिखल अडकतो आणि कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. सर्व्हिसिंगला देताना गाडी वर उचलून तळ धुवायला आवर्जून सांगा. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करा. आतला गालिचा वरून कोरडा लागला तरी खालचा फोम भिजलेला असतो. तो उचलून उन्हात टाकावा. गंजरोधक लेप द्यायचा तर पत्रा पूर्ण धुऊन वाळल्यावरच द्यावा. ओल्या चिखलावर लेप दिला तर ओल आतच कोंडते. दुचाकीचे ब्रेक उघडून साफ करावेत, साखळी पुसून तेल घालावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. तीन बाटल्या आणि तीन सारखे खिळे घ्या. एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी असे घाला की खिळा अर्धाच बुडेल. तिसरीतला खिळा अगदी कोरडा ठेवा. रोज पाहून वहीत नोंद करा आणि आठ दिवसांनी वही विज्ञानाच्या बाईंना दाखवा. बाटल्या घरच्या लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत एवढे पाहा.