हनोईची ओसरी

हनोईच्या जुन्या पेठांत सकाळी सहालाच फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. जेमतेम वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आजी, सून, गणवेशातला नातू असे सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आणि हातात फोचे, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या सूपचे, वाडगे. तिथे फिरायला गेलेल्या मराठी कुटुंबाला वाटतं, ही तर आपलीच खाऊगल्ली. पण खाऊगल्लीत आपण घर सोडून, जिभेचे चोचले पुरवायला जातो. हनोईची ही माणसं एका अर्थाने घराबाहेर पडलेलीच नसतात. तो फुटपाथ म्हणजे त्यांच्या घराची ओसरी आहे, आणि ओसरी म्हणून पाहिल्याशिवाय तिथलं खाणंही कळत नाही आणि त्यावरून होणारी भांडणंही.

याचं मूळ घरांच्या मापात आहे. जुन्या पेठेतल्या घरांना ‘न्या ओंग’, म्हणजे नळीघर म्हणतात. रुंदी दोन-तीन मीटर, लांबी मात्र कधी कधी साठ मीटरपर्यंत. पुढे दुकान, मध्ये उजेडासाठी चौक, पार मागे चूल. 1954 नंतर साम्यवादी राजवटीत अशा एकेका घरात अनेक कुटुंबांची सोय लावली गेली. एक खोली एका बिऱ्हाडाची, न्हाणी आणि चूल सगळ्यांत मिळून. आपल्या चाळींना हे निराळं सांगायला नको. त्यातच युद्ध आणि रेशनिंग. सरकारी खानावळीत मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळे. अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमानं तेव्हा डोक्यावर घिरट्या घालत, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘बिनवैमानिकाचा फो’. 1986 साली ‘दोइ मोइ’ धोरणाने खाजगी धंद्याला उघड मुभा मिळाली, तेव्हा सामान्य बाईजवळ भांडवल होतं ते एवढंच: एक पातेलं, डझनभर स्टुलं आणि दारापुढची चार हात जागा.

तेवढ्या जागेत दहा पदार्थ होत नाहीत, म्हणून एकच होतो आणि तो नेकीने होतो. फोसाठी गाईच्या हाडांचं पाणी कित्येक तास मंद आचेवर उकळत ठेवतात. त्यात निखाऱ्यावर करपवलेलं आलं-कांदा, चक्रीफूल, दालचिनी. चार माणसांच्या घरात रोज हा खटाटोप कोण करणार? दुपारी बुन चा. जाळीच्या चिमट्यात डुकराच्या मांसाच्या चपट्या वड्या कोळशावर धरायच्या, पंख्याने वारा घालायचा, कडा काळ्या झाल्या की माशाच्या आंबवणीच्या कोमट, गोडसर पाण्यात सोडायच्या. सोबत कच्च्या पपईच्या चकत्या, तांदळाच्या शेवया आणि सूपभर पाला. अनेक गाड्यांवर दुपार टळली की माल संपतो, आणि संध्याकाळी त्याच फरशीवर दुसऱ्या कुणाची बिअरची पिंपं येतात. (शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ अशी पाटी शोधावी. चहा मिळो न मिळो, त्या शब्दाचा अर्थ तिथे शाकाहार.)

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: चालणाऱ्यांनी काय करायचं? म्हातारी माणसं मोटारसायकलींच्या लोंढ्यात उतरतात, हे नाकारता येत नाही. पण उपाय काय झाले ते पाहावं. 2017 साली व्हिएतनामच्याच दक्षिणेकडल्या हो ची मिन्ह शहराच्या मध्यवर्ती भागात एका अधिकाऱ्याने ‘छोटं सिंगापूर’ करण्याचा विडा उचलून पायऱ्या-छपरं तोडत फुटपाथ मोकळे केले. मोहीम थंडावली आणि स्टुलं परत आली. स्वयंपाकघर उठवलं म्हणून भूक उठत नाही. 2024 मध्ये त्याच भागात निवडक रस्त्यांवर भाडं आकारून, चालणाऱ्यांसाठी दीड मीटर राखून जागा द्यायला सुरुवात झाली. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात ओसरी मान्य करून तिची हद्द आखली आहे. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. 2023 साली व्हिएतनामच्याच होइ आन शहरात बान मी, म्हणजे सारण भरलेला पाव, खाऊन तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. मात्र ते एक नावाजलेलं दुकान होतं, हातगाडी नव्हे. तासन् तास ठेवलेल्या सारणाचा धोका छपराखालीही तेवढाच असतो. समोर खळखळ उकळणाऱ्या पातेल्यात तो बराच कमी.

ओसरीची ही उपमा अडते ती तिसऱ्या ठिकाणी. खेड्यांतून येऊन खांद्यावर कावड किंवा सायकलवर टोपल्या घेऊन फिरणाऱ्या बायकांना शहरात घरच नाही, मग ओसरी कुठली? भाड्याने जागा देण्याच्या योजनेत त्या बसत नाहीत. पोलीस दिसला की कावड उचलून गल्लीत शिरायचं, एवढंच त्यांच्या हाती. घरवाल्यांचं तसं नाही. रात्री स्टुलं एकात एक बसवून आत जातात, मागोमाग मोटारसायकल उंबऱ्यावरून आत येते, आणि दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळलेल्या त्या पुढच्या खोलीत पातेल्यासाठी उद्याची हाडं भिजत पडतात.