किमतीआधीचा प्रश्न : जुन्या नाण्यांचे दुकान आणि त्याचे गिऱ्हाईक

जुन्या नाण्यांचे छोटे दुकान इतर दुकानांहून एका मूलभूत बाबतीत वेगळे असते. तेथे येणाऱ्यांपैकी अनेक जण घेण्यासाठी नव्हे, तर विकण्यासाठी येतात, आणि आपल्या हातातील वस्तू नेमकी काय आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्यामुळे दुकानदाराला एकाच वेळी पारखी, मूल्यमापक आणि शिक्षक व्हावे लागते. शिवाय जी वस्तू आपणच विकत घेणार आहोत तिची खरी किंमत समोरच्याला सांगायची असल्याने स्वतःच्या लोभावरही त्याला लक्ष ठेवावे लागते. पुण्यामुंबईच्या जुन्या पेठांतील अशा दुकानांचे सामान मोजकेच असते : दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचे शतांश दाखवणारा काटा, लोहचुंबक, मऊ कापड घातलेला खण आणि नाण्यांच्या पाकिटांचे डबे. या दुकानांचे खरे भांडवल म्हणजे तेथे गिऱ्हाइकाशी होणारे बोलणे.

पार्श्वभूमीपुरते एवढे सांगितले म्हणजे पुरे, की भारतात चांदीच्या तुकड्यांवर चिन्हे ठोकून केलेल्या आहत नाण्यांपासून ही परंपरा दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली, 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या प्रदेशासाठी एकसारखा रुपया आणला आणि 1 एप्रिल 1957 पासून आणे-पै जाऊन दशमान पैसा आला.

दुकानात सर्वाधिक येतो तो राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेला चांदीचा रुपया. आजीच्या पेटीत, देवघरातील डब्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हा रुपया घेऊन येणाऱ्याची अशी समजूत असते की, जितके वर्ष जुने तितकी किंमत मोठी. वस्तुतः किंमत वयावर ठरत नाही; त्या प्रकारची किती नाणी शिल्लक आहेत, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि त्यांना किती मागणी आहे यांवर ती ठरते. 1862 हे साल असलेला रुपया याचे उत्तम उदाहरण आहे, कारण साल न बदलता हाच रुपया 1874 पर्यंत पाडला गेला आणि त्यामुळे तो आजही विपुल आढळतो. अशा सामान्य रुपयाच्या किमतीचा पाया चांदीचा भाव हाच राहतो : वजन 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडणारा दुकानदार पहिल्याच भेटीत विश्वास मिळवतो. याउलट 1947 चा रुपया चांदीचा समजून आणला जातो, पण तो निकेलचा असतो. तेव्हा लोहचुंबक गिऱ्हाइकाच्याच हाती द्यावे, म्हणजे नाणे त्याला चिकटलेले तो स्वतः पाहतो आणि वादाला जागा उरत नाही.

याहून अवघड प्रसंग स्वच्छ केलेल्या नाण्याचा असतो. दुकानात न्यायचे म्हणून घरचे लोक नाणे चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने घासून चकचकीत करतात. धातूवर वर्षानुवर्षे जमलेला नैसर्गिक थर त्यामुळे निघून जातो, पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याचे मोल घटते. माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेल्या किंवा कडी जोडलेल्या नाण्यांचेही तसेच होते. मात्र येथे दुकानदाराने ‘नाणे बिघडवले’ असे म्हणू नये. ज्या घराने ते अंगावर मिरवले त्या घराच्या दृष्टीने तो दागिना होता, आणि ही दोन मूल्ये वेगवेगळी आहेत हे शांतपणे समजावून देणे हेच त्याचे काम आहे.

नकार देण्याची खरी परीक्षा 1818 च्या तथाकथित नाण्यांच्या वेळी होते. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व 1818 हे साल असलेले तांब्या-पितळेचे तुकडे दुर्मिळ नाणी म्हणून आणले जातात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. पुढच्या काळात श्रद्धेपोटी किंवा विक्रीसाठी केलेल्या या मुद्रा आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेली 5 आणि 10 रुपयांची नाणी, किंवा 786 हा आकडा असलेल्या नोटा यांना लाखो रुपये मिळतात, ही अफवाही अशीच पसरली आहे. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. कित्येकदा ही आशा मुलीच्या लग्नाशी किंवा डोक्यावरच्या कर्जाशी बांधलेली असते. म्हणून नकार स्पष्ट द्यावा, त्याचे कारण दाखवावे आणि मूर्तीची मुद्रा देवघरात ठेवण्यास अगदी योग्य आहे हेही सांगावे. तिची थट्टा करणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्रातील दुकानांत या सर्व कौशल्यांचा कस लागतो तो शिवराईपाशी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी देवनागरी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाले. पूर्ण वजनाची शिवराई साधारणतः 11 ते 13 ग्रॅम भरते. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घणाचा घाव घातला जाई. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्याने सगळी अक्षरे क्वचितच एका नाण्यावर मावत, आणि एकीवर ‘राजा’ पूर्ण तर दुसरीवर अर्धाच ‘शिव’ दिसतो. ठसे कोरणारे अनेक असल्याने अक्षरांची वळणे बदलतात, ‘शिव’ कुठे ‘शीव’ तर कुठे ‘सिव’ होतो, भोवती ठिपक्यांची कड येते आणि मोकळ्या जागेत निरनिराळी चिन्हे कोरलेली दिसतात. शंभर शिवराया ओळीने मांडल्या तर त्यांत एका ठशाच्या दोन शोधायला संध्याकाळ जाते, आणि अशा संध्याकाळीइतका आनंद सोन्याच्या नाण्यांनीही मिळत नाही, असे या विषयाच्या अभ्यासकांना मनापासून वाटते.

शिवराई घेऊन येणाऱ्याची भावना मात्र वेगळी असते. हे नाणे महाराजांच्या टांकसाळीतलेच, अशी त्याची श्रद्धा असते. प्रत्यक्षात ही मुद्रा पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत आणि 1818 नंतरही काही वर्षे निघत राहिली, आणि बाजारात येणाऱ्या शिवरायांपैकी बहुतेक या उत्तरकाळातल्याच असतात. अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली ती दुदांडी शिवराई होय. तिच्यापैकी काहींवर फसली सनाचे, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या कालगणनेचे आकडे असतात, आणि त्या आकड्यात 590 मिळवले की इसवी सन मिळतो. दुकानदाराने भिंग देऊन या रेघा दाखवल्या की गिऱ्हाइकाचा चेहरा क्षणभर उतरतो. तेव्हा सांगण्याची गोष्ट अशी, की राजाच्या निधनानंतर दीडशे वर्षे सामान्य माणसाच्या कनवटीला त्याच्याच नावाचा पैसा राहिला, ही घटना एका नाण्याच्या जुनेपणाहून फार मोठी आहे, आणि हातातील दुदांडी तिचाच पुरावा आहे. सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मिळ असून त्याच्या नकला उदंड आहेत, सुमारे 2.8 ग्रॅम हे अपेक्षित वजन आणि ठोकलेल्या अक्षरांची धार तपासल्याखेरीज त्यावर मत देणे हा अपराध मानावा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे आणि कडेला सांध्याची रेघ राहते, तर ठोकलेल्या अस्सल नाण्यावर अक्षरांच्या मुळाशी धातू ताणलेला दिसतो.

या सर्व व्यवहारात एक प्रश्न किमतीच्या आधी विचारला गेला पाहिजे : हे नाणे कोठे मिळाले? त्याचे महत्त्व नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या ठेव्यावरून कळते. त्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवला होता. सातवाहन राजाने नहपानाची सत्ता मोडली हे नाशिकच्या शिलालेखात सांगितलेले सत्य या ठेव्याने धातूत सिद्ध केले. हीच नाणी सुटी होऊन दुकानादुकानांत पसरली असती, तर प्रत्येक नाणे सुंदर राहिले असते, पण त्यांचे एकत्रित प्रमाण कोणालाही सांगता आले नसते. म्हणून जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याची 1878 च्या निखात निधी कायद्यातील अट, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी रीतीने परदेशी पाठवण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याने घातलेली बंदी, या गोष्टी दुकानदाराने स्वतः पाळाव्यात आणि गिऱ्हाइकालाही सांगाव्यात. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय पाहिले, की नोंदीसह ठेवलेले नाणे आणि नुसते नाणे यांतील अंतर सहज लक्षात येते.

उरतो तो खिशात जेमतेम खाऊचे पैसे घेऊन येणारा शाळकरी संग्राहक, आणि दुकानाचे भविष्य त्याच्यावरच अवलंबून असते. त्याला 1911 चा रुपया विकता येत नसला तरी दाखवता येतो : पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने 1912 मध्ये तो ठसा सुधारला गेला, आणि दोन्ही रुपये शेजारी ठेवले की सोंडेतील फरक मूल स्वतःच शोधते. नाणे कडेला धरावे, मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नये आणि कधीही घासू नये, हे तीन नियम त्याला याच वेळी शिकवावेत. चौथा नियम दुकानदाराने आपल्या वागण्यातून घालून द्यावा, आणि तो म्हणजे विकलेल्या प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर वजनाशेजारी ते कोणत्या गावाहून आणि कोणत्या वर्षी आले हे लिहून देणे. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. ही सवय पुण्यामुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंतच्या छोट्या दुकानांनी लावून घेतली, तर महाराष्ट्राच्या नाण्यांचा बराचसा अलिखित इतिहास पुढच्या अभ्यासकाला या पाकिटांवरून लिहिता येईल.