"कितीही तीव्रता" म्हणजे नक्की किती? लेसर स्पंद, वेगवान इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण

बारावीला प्रकाशविद्युत परिणाम शिकवताना आपण एक वाक्य अगदी ठासून सांगतो: प्रकाशाची वारंवारता किमान मर्यादेखाली असेल, तर तीव्रता कितीही वाढवा, धातूतून एकही इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाही. या वाक्याला पेपरात मार्क मिळतात. पण वर्गात एखादं चौकस पोर विचारतंच, "सर, कितीही म्हणजे किती?" या प्रश्नाला "पुढे शिकशील" म्हणून गप्प बसवू नये, कारण पोराचा संशय बरोबर आहे.

जस्त घ्या. त्यातून इलेक्ट्रॉन काढायला साधारण 4.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या 800 नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरचा एक फोटॉन 1.55 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. म्हणजे नियमाप्रमाणे काहीच व्हायला नको. प्रत्यक्षात याच प्रकाशाचा अतिशय छोटा आणि तीव्र स्पंद धातूवर पाडला, तर लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्यापाठोपाठ क्ष-किरणही येतात!

मग आइन्स्टाइनचं चुकलं का? अजिबात नाही. आपल्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: एका इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच फोटॉन भेटतो. पाच रुपयांचं तिकीट देणारं एक यंत्र कल्पून बघा. ते एका वेळी एकच नाणं बघतं, त्यामुळे दोन-दोनची शंभर नाणी एकामागून एक टाकली तरी तिकीट मिळत नाही. पण तीन नाणी अगदी एकाच क्षणी आत गेली तर? सहा रुपये झाले, तिकीट बाहेर! साध्या दिव्याच्या प्रकाशात फोटॉन इतके विरळ असतात की अशी गाठ जवळजवळ पडतच नाही. आइन्स्टाइनला याची कल्पना होती. 1905 च्याच लेखात, प्रकाशदीप्तीच्या संदर्भात, प्रकाशकण फार दाट झाले तर अनेक कण मिळून एक काम करू शकतील अशी शक्यता त्याने नोंदवली आहे. मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्ये दोन फोटॉन एकत्र शोषले जाण्याचं गणित मांडलं. मात्र तेवढा दाट प्रकाश कुणाकडेच नव्हता. 1960 मध्ये लेसर आला आणि पुढच्याच वर्षी प्रयोगाने त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

आता "किती" हे मुलांकडून फळ्यावर काढून घ्या, मजा येते. एक ज्यूल ऊर्जा म्हणजे 100 ग्रॅमचा पेरू एक मीटर उचलायला लागते तेवढीच. ती 30 फेम्टोसेकंदांत सोडायची. (फेम्टो हा उपसर्ग डॅनिश भाषेतल्या "पंधरा" या शब्दावरून आलाय; एक फेम्टोसेकंद म्हणजे 10 चा उणे 15 वा घात सेकंद.) एवढ्या वेळात प्रकाश स्वतः फक्त 9 मायक्रोमीटर पुढे जातो, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही. भागाकार केला की शक्ती येते सुमारे 33 टेरावॅट. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची एकूण क्षमता अर्ध्या टेरावॅटच्या आसपास आहे! अर्थात ही शक्ती डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी अगोदर संपून गेलेली असते. विजेचं बिल पेरूएवढंच.

असा स्पंद थेट वाढवत नेला तर वाढवणारा स्फटिकच जळून जातो. म्हणून डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी 1985 मध्ये युक्ती काढली: स्पंद आधी लांब ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. त्याबद्दल त्यांना 2018 चं नोबेल मिळालं.

हा झोत दहा मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर एकवटला की फोटॉन मोजण्याची भाषाच अपुरी पडते. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे, हे आठवावं लागतं. दर चौरस सेंटिमीटरला 10 चा 18 वा घात वॅट इतकी तीव्रता असेल, तर त्या लाटेचं विद्युतक्षेत्र हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणाऱ्या क्षेत्राच्या सुमारे पाचपट होतं. (आपल्या पेरूवाल्या हिशोबात तीव्रता याच्याही कित्येक पट येते.) स्पंदाच्या पुढच्या कडेनेच अणू फाटतात, पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि उरलेला स्पंद मोकळ्या इलेक्ट्रॉनांना हलवू लागतो. ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचतात. अशा वेळी लाटेचं चुंबकीय क्षेत्रही, जे आपण एरवी नगण्य म्हणून सोडून देतो, त्यांना पुढे धातूत ढकलतं.

यापुढची गोष्ट मात्र जुनीच, रंटगेनच्या 1895 मधल्या नळीतली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून जाताना वळतात, मंदावतात आणि क्ष-किरण सोडतात. काही इलेक्ट्रॉन अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरताना तांब्यातून सुमारे 8000 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा ठरावीक क्ष-किरण निघतो. दवाखान्यातल्या यंत्रात इलेक्ट्रॉनला पळवायला हजारो व्होल्टचा दाब लागतो, इथे ते काम प्रकाशच करतो.

या क्ष-किरणांची चमकही अतिशय अल्पकाळाची असते, म्हणून स्फटिकातले अणू हलत असतानाच त्यांचं चित्र टिपता येतं. पालकांपैकी कुणी चष्मा घालवायला फेम्टोसेकंद लेसरचं ऑपरेशन केलं असेल तर घाबरू नका. तिथेही अनेक फोटॉनांचीच करामत आहे, पण ऊर्जा लाखो पट कमी.

हे काम आपल्या मुंबईतही चालतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच संशोधन केलंय. गुळगुळीत धातू बराचसा प्रकाश परतवून लावतो, ही तिथली अडचण. त्यांनी पृष्ठभागावर धातूचे नॅनोकण बसवले. बारीक उंचवट्यांपाशी विद्युतक्षेत्र एकवटतं (वीजवाहकाच्या टोकाचं तत्त्व आठवा), प्रकाश जास्त शोषला जातो आणि क्ष-किरण वाढतात. पुढे याच संस्थेत नॅनोकणांऐवजी चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊन पाहिला, तर क्ष-किरण कितीतरी पटींनी वाढले. तो थर एका स्पंदात उडून जातो, म्हणून प्रत्येक वेळी लक्ष्य थोडं सरकवून कोरी जागा पुढे आणावी लागते.