शासकीय निविदा आणि स्थानिक मूल्यांशाचे प्रमाणपत्र
केंद्र शासनाच्या 2017 च्या ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेशानुसार, 2020 च्या सुधारणेनंतर, सर्वसाधारणपणे किमान 50 टक्के स्थानिक मूल्यांश असणाऱ्या प्रथम वर्गीय पुरवठादारासच खरेदीत प्राधान्य मिळते. निविदेसोबत ही टक्केवारी व मूल्यवर्धनाचे ठिकाण स्वयंघोषित करावे लागते. खरेदी 10 कोटी रुपयांहून अधिक असल्यास कंपनीला वैधानिक अथवा परिव्यय लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

स्थानिक मूल्यांश म्हणजे करविरहित किमतीतून आयात घटकांचे सीमाशुल्कासह मूल्य वजा जाता उरणारा भाग होय. समजा, 100 रुपयांच्या यंत्रात 55 रुपयांचे आयात सुटे भाग आहेत. ते पुण्यातील विक्रेत्याकडून घेतले तरी आयातच ठरतात व प्राधान्य गमवावे लागते. खोट्या घोषणेमुळे दोन वर्षांपर्यंत निविदाबंदी होऊ शकते. म्हणून केवळ खरेदीची पावती नव्हे, तर प्रत्येक भागाच्या मूळ देशाचा पुरावा जपणे उद्योजकाच्या हिताचे आहे.