आधी कुंडी उचलून बघा

आमच्या नर्सरीत पीस लिलीला सगळे ‘नाटकी’ म्हणतात. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी बघावं तर सगळी पानं काठावरून खाली लोंबलेली. पाणी मिळालं की संध्याकाळपर्यंत पुन्हा जशीच्या तशी. नर्सरी पुण्याबाहेर, सोलापूर रस्त्याला आहे. शहरातलं गिऱ्हाईक उठून येत नाही, फोटो पाठवतं. खाली तक्रार ठरलेली : “ताई, रोज पाणी घालते, तरी मान टाकली.” त्या ‘रोज’मध्येच बहुतेक वेळा दुखणं असतं.

पान ताठ राहतं ते पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. पानातून उडालेलं पाणी मुळांनी भरून काढलं नाही, की दाब उतरतो आणि देठ लोळतात. मुळं पाणी देत नाहीत, कारण एक तर माती कोरडी असते, नाही तर मुळंच कुजलेली असतात. फोटोत दोन्ही झाडं सारखीच दिसतात. म्हणून मी म्हणते, आधी कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर तहान. जड लागली आणि तरी पानं लोळत असतील, तर हातातला तांब्या खाली ठेवा.

तहानेचा उपाय सोपा, पण त्यातही एक मेख आहे. नर्सरीची रोपं बहुधा कोकोपीटमध्येच वाढवलेली असतात. हलकं पडतं, गाडीत जास्त कुंड्या बसतात. हे कोकोपीट एकदा पुरतं सुकलं की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या डिशमध्ये. डिश भरली म्हणून आपण खूश, आत मुळं कोरडीठाक. अशी कुंडी अर्धी-पाऊण बुडेल एवढ्या पाण्यात, बादलीत, अर्धा तास ठेवा. वरचा थर ओला झाला की काढून निथळू द्या. पानं काही तासांत उठतात.

कुज लागलेली असेल तर मात्र कुंडी आडवी करून, बुडाशी थोपटून झाड मातीसकट बाहेर काढावं लागतं. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल बोटांत येते आणि आतला दोऱ्याएवढा तंतू तेवढा उरतो. वासही येतो. असली सगळी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाका. मुळं बरीच गेली असतील तर जुनी, पिवळी पानंही काढा; उरलेल्या मुळांवर तेवढा भार कमी. मग कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि निचऱ्यासाठी पर्लाइट असं नवं मिश्रण करून लावा. कुंडी मात्र मोठी घेऊ नका. लोकांना दया येते आणि ते आजारी झाडाला ऐसपैस कुंडी देतात. तिथल्या जास्तीच्या मातीतलं पाणी प्यायला मुळंच नसतात, आणि पुन्हा कुज. नवं पान दिसेपर्यंत वरखतही नको.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकऱ्याला वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, शिकवावं लागत नाही. कुंडीतही तोच वाफसा हवा. बोट दोन पेरं खुपसा, वरचा थर सुकल्यासारखा लागला तरच पाणी. पावसाळ्यात तर रोज पाणी घालायचं कारणच नाही.

मुळात ही पीस लिली कोलंबिया, व्हेनेझुएलाकडच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी. थेट ऊन लागलं की पान करपतं. ‘अंधारातही चालते’ असं सांगून विकतात ते मला पटत नाही. जगते, पण फुलत नाही. खिडकीपासून थोडी आत, उजेडात ठेवा. हवा शुद्ध करण्याची ख्याती नासाच्या 1989 च्या अभ्यासातून आली. ते प्रयोग बंद पेट्यांतले होते. दारं-खिडक्या उघडणाऱ्या घरात दोन कुंड्यांनी फरक पडत नाही.

हिचं कूळ अळू-सुरणाचं, आपल्या शेवळांचं. पांढरी पाकळी हे खरं तर रूप बदललेलं पान; खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक. अळवासारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक हिच्यातही असतात, म्हणून छाटताना हातमोजे घाला आणि पानं चघळणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. आणखी एक धंद्यातली गोष्ट : विकायला आलेल्या झाडावर एकदम भरपूर फुलं दिसतात, ती पुष्कळदा जिब्बरेलिक आम्ल फवारून आणलेली असतात. घरी तेवढी आली नाहीत म्हणजे झाड आजारी, असं समजू नका.

सगळी पानं गेली तर? मधला गड्डा बोटाने दाबून बघा. टणक असेल तर थांबा, बाजूने फुटवा येऊ शकतो. पिचपिचीत झाला असेल तर झाड काढून टाका, कुंडी घासून धुवा, आणि ती माती दुसऱ्या कुठल्या कुंडीत घालू नका.